साहेब, फाईल अभिप्रायाला गेलीय!

समजा एरंडोल तालुक्यातल्या एका सातबाऱ्यावर आठ वारस आहेत आणि हायवेत गेलेल्या जमिनीचा मोबदला नेमका कुणाला द्यायचा, हेच ठरत नाहीये. मग कागद प्रांत ऑफिसातून जळगावला कलेक्टर कचेरीत जातो. तिथं जिल्हा सरकारी वकिलांचा अभिप्राय घेतात. गाठ तरी सुटेना तर मंत्रालयातला विधी व न्याय विभाग, आणि अगदीच अवघड असेल तर महाधिवक्ता. राज्याला कायदेशीर सल्ला देणं हे घटनेच्या कलम १६५ नुसार त्यांचं कामच. १९५७ ते १९७४ या पदावर एच. एम. सीरवाई होते, म्हणजे सल्ला ऐऱ्यागैऱ्याचा नसतो!

विचारण्यात गैर काहीच नाही. पण स्ट्रक्चरल कन्सल्टंटला आपण "बिल्डिंग बांधू का?" असं विचारतो का? माती, स्पॅन, लोड सगळं देतो. इथं मात्र "योग्य ते मार्गदर्शन व्हावे" एवढं लिहिलं की साहेब मोकळे! बरं, विचारलं म्हणजे उत्तर मिळतंच असंही नाही. राष्ट्रपतींनी १९९३ मध्ये कलम १४३ खाली अयोध्येबाबत विचारलेल्या प्रश्नाला सुप्रीम कोर्टानं १९९४ मध्ये उत्तर द्यायला नम्रपणे नकार दिला होता.

शिवाय अभिप्राय म्हणजे आदेश नव्हे. निर्णय खुर्चीतल्या साहेबांनीच घ्यायचा, आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे त्याची कारणंही संबंधिताला द्यायची. तोवर पेरणी सोडून, एसटीचं भाडं भरून आलेल्या शेतकऱ्याला निदान प्रश्न काय विचारला, कुणाला आणि कधी, एवढं जावक नंबरासकट लेखी द्या.