खेळाडूचे मूल्य आणि खेळाडूचा नकार

#थ्रेड

बेसबॉलचा मोसम शरदात संपतो आणि चाहत्यांचा दुसरा खेळ सुरू होतो. कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे, कोणाच्या बदल्यात कोण पदरात पाडून घ्यावा, हे हिशेब हिवाळाभर चालतात. मीही ते हौसेने करतो. परंतु ज्याला आपण 'खेळाडूचे मूल्य' म्हणतो ते मुळात ठरवतो कोण, हा प्रश्न १९६९ च्या हिवाळ्यात एका खेळाडूनेच विचारला. त्याची ही हकीकत, आणि तिच्यावरचे माझे मत. धागा लांब आहे.

सेंट लुईस कार्डिनल्स हा त्या दशकातला बलाढ्य संघ. १९६४ आणि १९६७ ची वर्ल्ड सिरीज त्याने जिंकली, १९६८ ची सातव्या सामन्यात गमावली. १९६९ मध्ये संघ मागे पडला. मालक ऑगस्ट बुश हे बिअरच्या धंद्यातले बडे प्रस्थ. मोसम संपताच ऑक्टोबरात निर्णय झाला: फिलाडेल्फिया फिलीजला चार खेळाडू द्यायचे, त्यांच्याकडून तीन घ्यायचे. दिलेल्यांत सेंटर फील्डर कर्ट फ्लड होता, घेतलेल्यांत ताकदवान फलंदाज डिक ॲलन.

निव्वळ वहीतला हिशेब म्हणून पाहिले तर हा सौदा मूर्खपणाचा नव्हता. फ्लड बत्तिशीकडे झुकलेला, ॲलन सत्तावीस वर्षांचा. ॲलनने त्या मोसमात ३२ होमरन ठोकले होते. फ्लडची फलंदाजी उतरणीला लागल्याची चिन्हे होती आणि त्याचा पगार होता ९०,००० डॉलर. आजचा एखादा आकडेपंडित चाहताही या सौद्याला मान डोलावेल. मीही डोलावली असती.

पण वहीत न मावणाऱ्या काही गोष्टी होत्या. फ्लड बारा मोसम सेंट लुईसकडून खेळला होता. १९६३ पासून सलग सात वर्षे त्याला गोल्ड ग्लव्ह मिळाला होता. त्याचे बस्तान त्याच गावात बसले होते. अदलाबदलीची बातमी त्याला क्लबच्या कचेरीतल्या एका अधिकाऱ्याने दूरध्वनीवरून दिली. मालकाने चार शब्द बोलण्याचीही तसदी घेतली नाही.

आता कायद्याची बाजू. तेव्हाच्या प्रत्येक करारात एक 'राखीव कलम' असे. करार संपला तरी क्लबला तो आणखी एक वर्ष वाढवता येई. त्या वाढीव करारातही तेच कलम असल्याचे मालक मानत, म्हणून तो पुन्हा वाढे. अशा रीतीने एक वर्ष म्हणजे आयुष्यभर. खेळाडूपुढे दोनच वाटा: क्लब म्हणेल तिथे खेळा, नाहीतर खेळ सोडा. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे, असे ठरवून मक्तेदारीविरोधी कायद्यातून त्याची सुटका केली होती. १९५३ मध्ये त्या निकालावर पुन्हा शिक्कामोर्तब झाले.

२४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडने कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिले. आशय असा: मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही, इतर क्लबांचे प्रस्ताव विचारात घेण्याचा मला हक्क आहे. कून यांनी नकार दिला. फिलीज त्याला एक लाख डॉलर द्यायला तयार होते, म्हणजे पूर्वीपेक्षा जास्तच. तेही त्याने नाकारले आणि दावा दाखल केला. खेळाडू संघटनेचे मार्व्हिन मिलर यांनी त्याला आधीच बजावले होते की खटला बहुधा हरशील आणि कारकीर्दही संपेल.

दूरचित्रवाणीवर त्याला विचारण्यात आले, एवढा पगार घेणाऱ्याने तक्रार कशाची करावी? त्याचे उत्तर होते की भरपूर पगाराचा गुलाम हाही गुलामच. ही उपमा मला पूर्वी अतिरेकी वाटे. पुढे कळले की १९५६-५७ मध्ये दक्षिणेतल्या मायनर लीगमध्ये खेळताना या कृष्णवर्णीय तरुणाला गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर राहण्या-जेवण्याचीही मुभा नव्हती. तेव्हापासून त्याच्या शब्दांची छाननी करण्याचा उत्साह ओसरला.

या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत बोचतो तो एक दुर्लक्षित तपशील. फ्लड फिलाडेल्फियाला गेलाच नाही, तेव्हा सौद्यात एक माणूस कमी पडला. कार्डिनल्सने १९७० च्या एप्रिलमध्ये भरपाई म्हणून विली माँटान्येझ हा पोर्तो रिकोचा तरुण फिलीजला धाडला. एकाने नकार दिला, तर दुसऱ्याला उचलून तराजू समतोल केला! पुढच्याच वर्षी माँटान्येझने ३० होमरन मारले. त्यामुळे चाहत्यांच्या वहीत फिलीजचा सौदा फायद्याचा ठरला आणि विषय मिटला.

खटल्यात जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग यांनी फ्लडच्या बाजूने साक्ष दिली. मात्र तेव्हा खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात फिरकला नाही. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ असा निकाल मालकांच्या बाजूने दिला. बेसबॉलची सूट विसंगत आहे हे न्यायालयाने मान्य केले, पण ती काढायची तर काँग्रेसने काढावी, असे म्हणून हात झटकले. नववे न्यायमूर्ती पॉवेल खटल्यापासून दूर राहिले, कारण त्यांच्याकडे बुश यांच्या बिअर कंपनीचे शेअर होते.

राखीव कलम अखेर मोडले ते दुसऱ्याच वाटेने. अँडी मेसरस्मिथने १९७५ चा मोसम नव्या करारावर सही न करता काढला आणि २३ डिसेंबरला लवाद पीटर साइट्झ यांनी सांगितले की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी साइट्झ यांना तत्काळ काढून टाकले. निर्णय मात्र टिकला. १९७६ मध्ये खेळाडूंचा सरासरी पगार सुमारे ५१,५०० डॉलर होता, १९८० मध्ये सुमारे १,४३,७००. महागाई धरली तरी ही उडी मोठीच. चार वर्षांत खेळाडू काही दुपटीने गुणी झाले नव्हते. बदलली होती ती एकच गोष्ट: त्यांना 'नाही' म्हणता येऊ लागले होते.

म्हणून माझे मत असे की 'मूल्य' हा शब्द आपण फार निष्पाप समजून वापरतो. खेळाडू किती धावा देईल हे मोजता येते. पण तो 'स्वस्त' आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या स्वस्ताईचे कारण बहुधा त्याच्या खेळात नसून नियमावलीत असते. आजही मुक्त होण्यासाठी सहा वर्षांची सेवा लागते. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला आरंभीचे काही दिवस मायनर लीगमध्येच ठेवले. त्याची सेवा १७१ दिवस भरली आणि पूर्ण वर्षाला लागतात १७२. एका दिवसासाठी त्याचे मुक्त होणे वर्षभर लांबले. त्याची तक्रार लवादाने २०२० मध्ये फेटाळली. आपण चाहते याला 'चतुर व्यवस्थापन' म्हणालो. आयपीएलच्या लिलावाच्या रात्री आपली भाषा काही निराळी नसते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मुक्त खेळाडूंनी निष्ठा संपवली, गावाचा संघ गावाचा राहिला नाही. या दुःखात तथ्य आहे. १९७२ ते १९७४ सलग तीनदा जिंकणारा ओकलंडचा संघ १९७६ नंतर पांगला, तेव्हा तिथल्या चाहत्यांनी काय गमावले हे मी समजू शकतो. पण बारा वर्षांची निष्ठा फ्लडकडेही होती. ती एका फोनवर संपली, तेव्हा ती संपवणारा खेळाडू नव्हता. दहा वर्षे खेळलेल्या आणि शेवटची पाच एकाच क्लबात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारण्याचा हक्क १९७३ मध्ये मिळाला. फ्लडला तो आला नाही कामी.

१९७१ मध्ये तो वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळला आणि मोसम अर्धवट टाकून स्पेनला निघून गेला. जानेवारी १९९७ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी काँग्रेसने त्याच्या नावाचा कायदा करून बड्या लीगच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी संरक्षण दिले.

कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये कून २००८ मध्ये गेले, मिलर यांची निवड २०२० च्या तुकडीत झाली, आणि ज्याच्या बदल्यात फ्लडला दिले तो डिक ॲलन २०२५ मध्ये मरणोत्तर दाखल झाला. फ्लड अजून बाहेरच आहे.