दगडी मंदिराचे ‘कार्बन डेटिंग’ : एक लोकप्रिय थाप

१/६ अमुक पाषाणमंदिर पाच हजार वर्षांचे असल्याचे कार्बन डेटिंगने सिद्ध झाले, असे संदेश रोज फिरतात. हे इतिहासप्रेम नव्हे, इतिहासाची फसवणूक आहे.

२/६ अस्थिर अणुकेंद्र आपोआप बदलते, हा किरणोत्सर्गी ऱ्हास. अल्फा ऱ्हासात दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन एकत्र बाहेर पडतात. बीटा ऱ्हासात न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो व इलेक्ट्रॉन निसटतो. गॅमामध्ये केवळ ऊर्जा बाहेर पडते. मूलद्रव्य तेच राहते.

३/६ कार्बन-१४ चा ऱ्हास बीटा प्रकारचा. सजीव जिवंत असेतो हा कार्बन घेत राहतो. मृत्यूनंतर त्याचा साठा दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. सुमारे ५०,००० वर्षांनंतर मोजण्याजोगे फारसे उरत नाही.

४/६ आपला काळा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो कधी सजीव नव्हताच! पोटॅशियम-४० पासून बनलेल्या आर्गॉनवरून त्याचे वय काढता येते. परंतु ते खडकाचे वय, त्यावर चाललेल्या छिन्नीचे नव्हे.

५/६ सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग कुडलच्या शिलालेखाचा काळ कोणत्या यंत्राने सांगितला? कोणत्याच नाही. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८, लेखातच कोरले आहे. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत असा लेख नाही. तेथे कोळशातील कार्बन साक्ष देतो.

६/६ हजार वर्षांचा अस्सल पुरावा समोर असताना पाच हजारांची थाप कशाला? पुढचा संदेश आला की एवढेच विचारा : नमुना कशाचा होता? लाकडाचा, कोळशाचा, की दगडाचा?