बंड्याला आंघोळ घालू नका!

या अंकात पावसावर कविता असतील, प्लेसमेंटवर लेख असतील. मी लिहिणार आहे कुत्र्याच्या कोंड्यावर. हसा खुशाल. मेसमध्ये विषय सांगितला तेव्हा टेबलावरचे सगळेच हसले होते.

बंड्या म्हणजे आपल्या गेटवरच्या मामांचा कुत्रा. काळाभोर, एक कान पडलेला. रात्री दोन वाजता शीट गुंडाळून दुसऱ्या ब्लॉकमध्ये 'जीटी' मारायला जाताना जो आपल्यासोबत येतो आणि पहाटेपर्यंत जिन्यात बसून राहतो, तोच. जानेवारीत त्याच्या काळ्या पाठीवर पांढरा भुसा दिसायला लागला. हात फिरवला की मूठभर कोंडा. लगेच बातमी पसरली, "बंड्याला खरूज झालीय, आपल्यालाही होणार!" मेस कमिटीनं अर्ज दिला. रेक्टर सरांनी मामांना आठ दिवसांची मुदत दिली. मामा काही बोलले नाहीत. फक्त बंड्याला क्वार्टरमागे साखळीनं बांधून ठेवायला लागले.

आता कबुली. तो भुसा आम्हीच पाडला होता.

दिवाळीच्या सुट्टीवरून आल्यापासून आमच्या विंगचा दर रविवारी एक कार्यक्रम असायचा. बोअरच्या नळाखाली बंड्या आणि भोवती आम्ही सहा जण. कधी कपड्याचा साबण, कधी भांड्याची पावडरसुद्धा! कोंडा दिसल्यावर मी हुशारी केली. माझा स्वतःचा कोंड्याचा शाम्पू आणला. माझ्या डोक्याला चालतो, मग त्याला का नाही? कोंडा वाढला तशी आम्ही आंघोळ वाढवली, रविवारच्या जोडीला बुधवार आला. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात पॉझिटिव्ह फीडबॅकची व्याख्या बरोबर लिहिणारी पोरं आम्ही, नळाखाली काही आठवलं नाही. मामा एकदा म्हणालेही, "अरे बाबांनो, थंडीत आंग उलतं त्याचं. नका पाण्याला लावू." आम्ही मनावर घेतलं नाही. इंजिनिअर ना!

मामांचं बरोबर होतं. कुत्र्याच्या अंगावर त्याच्याच त्वचेतून येणाऱ्या तेलाचा एक पातळ थर असतो. त्या थरामुळे त्वचेतला ओलावा आत टिकतो आणि केसांना चमक राहते. साबणानं तो धुऊन जातो. तो पुन्हा तयार होईपर्यंत आमचा पुढचा रविवार उजाडायचा. त्यात कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर आपल्यापेक्षा पातळ. आपली त्वचा आम्लधर्मी, त्याची जवळपास उदासीन, त्यामुळे आपल्या डोक्यासाठी बनवलेला शाम्पू त्याच्या कामाचा नाही. वर बोअरचं जड पाणी. आपल्या बादल्यांना जो पांढरा चिकट थर बसतो ना, तोच साबणाचा साका त्याच्या केसांच्या मुळाशी बसत होता. आणि हवा कोरडी. त्वचेच्या मेलेल्या पेशी एरवीही झडतातच, पण इतक्या बारीक की दिसत नाहीत. त्वचा कोरडी पडली की त्या पापुद्र्यांनी निघतात.

हे ज्ञान मला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळालं. मुदतीच्या चौथ्या दिवशी आम्ही रिक्षात घालून बंड्याला नेलं. डॉक्टरांनी केस उलटे करून अंगभर पाहिलं. ब्लेडनं दोन-तीन ठिकाणी त्वचा हलकेच खरवडून काचेवर घेतली आणि मायक्रोस्कोपखाली पाहिली. खरजेचा किडा नाही. मग तीन प्रश्न विचारले. आंघोळ कधी घालता? कशानं घालता? खायला काय देता? पहिल्या दोन उत्तरांना ते नुसते आमच्याकडे बघत राहिले.

तिसरं उत्तर म्हणजे मेसची उरलेली पोळी आणि वरण-भात. पोट भरतं, पण त्वचेला लागणारी प्रथिनं आणि चरबी त्यात फारच कमी. कुत्र्याच्या शरीरात लिनोलेइक आम्ल तयार होत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं. करडईच्या तेलात ते भरपूर असतं. जेवणात रोज एक लहान चमचा तेल, जास्त नाही, नाहीतर पोट बिघडतं. आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेलं अंडं. आणि कांदा-लसणाचं काहीही नको, त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. मेसची रस्सा भाजी प्रेमानं त्याच्या ताटलीत ओतणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मेस कमिटीची भीती मूर्खपणाची होती असं मी म्हणणार नाही. खरूज माणसाला लागते. कुत्र्याचं गजकर्णही लागतं. एक किडा तर असा असतो की पाठीवरचा कोंडा चालतोय असं वाटतं! सतत खाजवणं, कानांच्या कडा आणि कोपरं उघडी पडणं, गोल चट्टे, तेलकट वास, यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय न करता थेट डॉक्टर. माझी तक्रार एवढीच, की कोणी न तपासता निकाल दिला. आपल्या निम्म्या हॉस्टेलच्या डोक्यात कोंडा आहे, आपल्याला कोणी आठ दिवसांची मुदत दिली नाही. "हायवेच्या धाब्यावर सोडून या" असंही एकानं सुचवलं होतं. पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा ठिकाणी टाकून देणं हा प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे, हे त्याच्या माहितीसाठी.

दुसरा सल्ला आमच्याच मेकॅनिकलचा. वर्कशॉपमधलं जळकं ऑइल चोपडा! गावाकडे सर्रास लावतात. त्या ऑइलमध्ये इंजिनच्या झिजेतून आलेले धातूंचे कण आणि जळालेल्या इंधनाचा गाळ असतो आणि कुत्रा स्वतःचं अंग चाटतो. पुढचं मी सांगायला नको. रॉकेल आणि फिनेलचंही तेच.

डॉक्टरांनी औषध जवळजवळ दिलंच नाही. फार घाण झाला नसेल तर आंघोळ महिन्यातून एकदा, ती कुत्र्याच्या शाम्पूनं, कोमट पाण्यात, बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुऊन. मग टॉवेलनं पुसून उन्हात. आणि रोज ब्रश. ब्रशनं मेलेले केस निघतात आणि अंगचं तेल मुळापासून टोकापर्यंत पसरतं. तीन आठवडे वाट बघा म्हणाले, त्वचा नवी व्हायला तेवढे लागतातच.

आठ दिवस संपले तेव्हा कोंडा होताच. आम्ही दवाखान्याची चिठ्ठी रेक्टर सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी ती दोनदा वाचली आणि महिनाभर वाढवून दिला. साखळी सुटली. फेब्रुवारीच्या शेवटी बंड्याची पाठ पुन्हा काळी दिसायला लागली. शेपटीजवळ थोडा भुसा अजून आहे.

ब्रश गेटच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलाय. येता-जाता पाच मिनिटं फिरवा, केसांच्या दिशेनं, उलटा नाही. अंड्यांची यादी नोटीस बोर्डवर लावली आहे. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.