आरोग्यधन : न भरणाऱ्या जखमांचा इशारा

तोंड आले की आपल्या घरांतून निदान ठरलेलेच असते. उष्णता वाढली, जागरण झाले, उपवास लागोपाठ घडले. मग गुलकंद आणि तूप सुरू होते. अंगावर फोड उठले तर 'नागीण' समजून गेरूचा लेप दिला जातो. बहुतेक वेळा तोंड आठ-दहा दिवसांत बरे होते. आजचा विषय मात्र महिना उलटूनही न भरणाऱ्या जखमांचा आहे.

त्वचेच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांवर शरीराची प्रतिकारशक्तीच उलटते, तेव्हा पेशींची पकड सुटून फोड येतात. या आजाराला पेम्फिगस म्हणतात. तो संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवण्याचे कारण नाही. बहुसंख्य रुग्णांत त्याचा कर्करोगाशी संबंधही नसतो. परंतु त्याचा एक दुर्मीळ प्रकार आहे, ज्याचे मूळ शरीरात दडलेल्या गाठीत किंवा रक्ताच्या कर्करोगात असते. १९९० साली अमेरिकेतील डॉ. ग्रँट अनहॉल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच रुग्णांच्या आधारे त्याचे वर्णन केले आणि 'पॅरानिओप्लास्टिक पेम्फिगस' हे नाव रूढ झाले. लसिकाग्रंथींचा कर्करोग, रक्ताचा एक दीर्घकालीन कर्करोग, कॅसलमन व्याधीची गाठ आणि छातीतील थायमस ग्रंथीची गाठ ही त्यामागची प्रमुख कारणे होत.

याची ओळख तोंडापासून होते. ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या धरतात, घास गिळवत नाही, डोळे लाल होतात, पुढे तळहात-तळपायांवरही चट्टे दिसतात. दम लागू लागला तर तो फुप्फुसातील बारीक श्वासनलिकांवरचा आघात असू शकतो. अशा वेळी एक दिवसही दवडू नये. काही रुग्णांत कर्करोग आधीच ज्ञात असतो, तर काहींत या जखमांमुळेच त्याचा शोध लागतो.

म्हणून शिरूर-दौंड परिसरातील वाचकांना सांगणे असे, की तोंडातील कोणतीही जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर मलमे बदलत बसू नका. दौंडहून रेल्वेने, शिरूरहून एसटीने पुणे गाठता येते. तेथे ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जखमेच्या कडेचा व लगतच्या निरोगी दिसणाऱ्या त्वचेचा तुकडा तपासतात, रक्तातील प्रतिपिंडे पाहतात आणि शंका आल्यास छाती-पोटाचे सीटी स्कॅन करतात. खर्चाची चिंता असल्यास रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

आजार गंभीर आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही कॅसलमनसारखी एकच गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढता आली, तर जखमा काही महिन्यांत हळूहळू भरू शकतात. इतरांत मूळ कर्करोगावरील उपचारांसोबत स्टेरॉइड, रिटुक्सिमॅब यांचा आधार घेतात.

एक गोष्ट आपल्या घरांसाठी विशेष. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड उपवासासाठी किंवा चौविहारासाठी अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. पर्युषणापूर्वीच डॉक्टरांना आपले नियम मोकळेपणाने सांगावेत, औषधांच्या वेळा त्यांच्याकडून ठरवून घ्याव्यात आणि महाराजसाहेबांनाही आजाराची कल्पना द्यावी. घरातील वडीलधारी मंडळी आपले दुखणे सहसा बोलून दाखवत नाहीत. ताटातली भाकरी तशीच राहू लागली, की सुनेने, मुलाने जवळ बसून एवढेच विचारावे : तोंड दाखवता का?