विकत घेतलेले जुनेपण

नारायण पेठेतील एका नव्या इमारतीत काही महिन्यांपूर्वी घर आशीर्वादित करण्यासाठी गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडताच समोर वाड्याचा दिंडी दरवाजा दिसला! मोठमोठे खिळे, पितळी कड्या, जाडजूड अडसर. आत गेलो तर छताला काळसर तुळया. मी वर पाहत राहिलो, तेव्हा यजमान कौतुकाने म्हणाले, "फादर, त्या खऱ्या नाहीत. आतून पोकळ आहेत. प्लायवूडवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवला आहे." भिंतीत कोनाडा होता. त्यात विजेवर लुकलुकणारी पणती होती. बाजूच्या कपाटाला वेदीवरील साक्रामेंतपेटीचे जुने, कोरीव दार बसवले होते. ते उघडून दाखवताना यजमानांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. आत सरबताचे काचेचे पेले मांडलेले होते.

मी पवित्र पाणी शिंपडले, प्रार्थना म्हटली. मग सवयीने विचारले, "कुटुंबाची वेदी कुठे आहे?" क्षणभर शांतता पसरली. मागच्या लहान खोलीतून आजी म्हणाल्या, "ती इकडे आहे, फादर. माझ्या औषधांच्या फळीवर." हॉलच्या सजावटीत येशूच्या पवित्र हृदयाची ती फिकट तसबीर शोभत नव्हती म्हणे. आजींच्या लग्नातले सागवानी कपाटही शोभत नव्हते. ते भंगारवाल्याला देऊन त्या जागी कोणा अनोळखी घराण्याचे कपाट जुन्या बाजारातून चौपट किमतीला आणले होते.

त्या दिवसापासून हा विषय मनातून जात नाही. हे कुटुंब वाईट नाही. मिस्साला नियमित येणारे, दानधर्म करणारे, आपल्या धर्मग्रामातील शेकडो कुटुंबांसारखेच ते आहे. म्हणूनच हे लिहावेसे वाटले. आपल्याला जुनेपण हवे आहे, पण आपले जुने नको आहे. जुन्याचा देखावा हवा, जुन्याचे ओझे नको. हे माझ्या मते रुचीचे प्रकरण नसून सत्याचे प्रकरण आहे.

वाड्यातील जुनेपण आले कोठून, याचा आधी विचार करू. कोनाडा हा शोभेसाठी नव्हता. भिंती दोन-दोन हात रुंद होत्या, वीज नव्हती, दिव्याला वाऱ्यापासून आडोसा हवा होता, म्हणून भिंतीत कोनाडा आला. उजेड आणि हवा आत यावी म्हणून चौक आला. आलेल्या माणसाला उन्हातून सावलीत घ्यावे, पाणी द्यावे, म्हणून ओसरी आली. माजघर एकत्र कुटुंबाच्या वावरासाठी होते. प्रत्येक गोष्टीमागे गरज होती, आणि गरजेमागे माणसांचे परस्परांशी नाते होते. आजच्या साडेचार इंची विटांच्या भिंतीत कोनाडा मावत नाही. तो करायचा तर खोटी भिंत उभी करावी लागते. त्या नारायण पेठेतील घरात ती भिंत आजींच्या खोलीतून दीड फूट जागा घेऊन उभी राहिली होती. याहून बोलकी गोष्ट मला सांगता येणार नाही.

याच पेठेने खरे जुनेपण हरवल्याचे दुःखही भोगले आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचे धरणही टिकले नाही, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. माती-लाकडाचे कितीतरी वाडे त्या पाण्यात बसले. जे उरले ते पुढे भाडेकरू-मालकांच्या तंट्यात, वारसांच्या वाटण्यांत आणि दुरुस्तीअभावी एकेक करून गेले. त्यांच्या जागी इमारती आल्या. त्या येणारच होत्या. वाढत्या कुटुंबांना निवारा हवा होता आणि गळक्या माडीवर कोणी आयुष्य काढावे असा आग्रह धरणे क्रूरपणाचे आहे. तक्रार नव्या घराबद्दल नाही. नव्या घराने आपण नवे असल्याची लाज बाळगावी, याबद्दल आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ज्या जुन्या जगाचे रंगीत चित्र सजावटकार आपल्याला विकतात, ते जग सर्वांसाठी सारखे नव्हते. त्या दिंडी दरवाजातून कोणाला आत येता येई आणि कोणाला बाहेरच्या बाहेर परत पाठवले जाई, हे आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांना विचारावे लागेल. वाड्याच्या अंधाऱ्या खोल्यांत केशवपन केलेल्या किती कोवळ्या विधवांनी आयुष्य काढले! पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्यात आणले, ते अशा मुलींसाठीच. धोंडो केशव कर्वे यांच्याशी 1893 मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई त्याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत्या. कोणा सरदाराच्या वाड्याची नक्कल करताना आपण नेमक्या कोणत्या जगाची आठवण जपत आहोत, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाने स्वतःला विचारला पाहिजे. ज्याच्या उंबऱ्याबाहेर आपण उभे होतो, त्याच दाराची प्रतिकृती आपण आज आतून कडी लावण्यासाठी विकत घेतो!

आता त्या साक्रामेंतपेटीच्या दाराविषयी. इथे मला धर्मगुरू म्हणून स्पष्ट बोलले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे 1171 वे कलम सांगते की, उपासनेसाठी समर्पित वा आशीर्वादित केलेल्या वस्तू आदराने हाताळाव्यात आणि त्या खाजगी व्यक्तींच्या मालकीच्या असल्या तरी ऐहिक वा अयोग्य कामासाठी वापरू नयेत. संतांचे पवित्र अवशेष विकणे तर 1190 व्या कलमानुसार पूर्ण निषिद्ध आहे. आपल्या बांधवांच्या दिवाणखान्यात मात्र पवित्र पाण्याच्या दगडी पात्रात मनीप्लांट वाढतो, आणि ज्या कठड्यापाशी गुडघे टेकून पिढ्यांनी ख्रिस्तशरीर स्वीकारले, त्याचे खांब जेवणाच्या टेबलाला पाय म्हणून लागतात.

या बाबतीत आम्ही धर्मगुरूही निर्दोष नाही. 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत योग्य त्या सुधारणा झाल्या, परंतु त्यांच्या नावाखाली अनेक ठिकाणी जुन्या वेद्या, मूर्ती आणि कठडे निष्काळजीपणे हलवले गेले. परिषदेने असे कोठेही सांगितलेले नव्हते. आम्ही अडगळ म्हणून बाहेर काढले, व्यापाऱ्याने उचलले आणि तेच आज आपल्या भाविकांच्या घरी 'अँटिक' म्हणून परत आले आहे. वाचकांना दोष देण्यापूर्वी हा दोष मी स्वतःच्या पदरात घेतो.

"मग काय फादर, जुन्या वस्तू जपूच नयेत?" असे कोणी विचारील. अवश्य जपाव्यात. याच पुण्यात दिनकर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, फण्या, कुलपे अशा घरगुती वस्तू गोळा केल्या आणि त्या संग्रहालयाला आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. तिथे प्रत्येक वस्तू आपण कोण आहोत हे खरेपणाने सांगते. एका बापाचे प्रेमही त्यात आहे. पाडलेल्या वाड्याचे उत्तम सागवान पुन्हा वापरणे ही काटकसर आहे, तीत काहीच गैर नाही. गैर आहे ते पोकळ तुळईला तुळई म्हणणे आणि दुसऱ्याच्या आजोबांचे कपाट आपल्या आजोबांचे म्हणून मिरवणे.

प्रभू येशूने शास्त्री-परूशांना दिलेला एक दोष इथे आठवतो. ते संदेष्ट्यांच्या कबरी बांधत, नीतिमानांची थडगी सजवत, पण त्या संदेष्ट्यांची वाणी मात्र त्यांना नकोशी होती. मेलेल्या भूतकाळाला सजवणे सोपे असते, कारण तो उलट बोलत नाही. जिवंत भूतकाळ मागच्या खोलीत खोकत असतो, रात्री पाणी मागतो, तीच गोष्ट दहा वेळा सांगतो आणि संध्याकाळी सात वाजता दूरदर्शन संच बंद करून रोझरी म्हणायला लावतो. त्याच्यासाठी हॉलमध्ये जागा नसते.

परिषदेने 1964 च्या आपल्या दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आहे. ख्रिस्तसभेचे जुनेपण दगडांत नसून हस्तांतरात आहे: एका मुखातून दुसऱ्या मुखात गेलेली प्रार्थना, एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली जपमाळ. घराचेही तसेच. आपल्या घराला जुन्या जगाचे रूप द्यायचे असेल तर एक पैसाही खर्च न करता ते देता येईल. आजींची तसबीर हॉलमध्ये आणा, तिचा रंग उडालेला असला तरी. दिवाण असा ठेवा की बसणाऱ्यांची तोंडे पडद्याकडे नव्हे, एकमेकांकडे होतील. दारी आलेल्या टपालवाल्याला, कामवालीच्या मुलाला बसायला खुर्ची द्या, म्हणजे झाली ओसरी. मुलांना आजीच्या गावच्या बोलीतली एक प्रार्थना पाठ करवा.

त्या घरातून निघताना मी यजमानांना दोनच गोष्टी सुचवल्या होत्या. साक्रामेंतपेटीचे दार चर्चमध्ये आणून द्यावे, आणि खोटी भिंत काढावी. दार आठवडाभरात आले. भिंतीचा खर्च मोठा आहे, असे ते म्हणतात. मी अजून विचारतो आहे, आणि विचारत राहणार आहे. दीड फूट जागेचा प्रश्न आहे. आजींना चालण्याची चौकट घेऊन वळताना तेवढीच जागा कमी पडते.