चाकुरातली गोदी

माणसाला कोणता छंद जडावा याला काही धरबंध नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी कबुतरे पाळतो. त्यांना कोणी वेडे म्हणत नाही. पण आमच्या चाकुराहून समुद्र शेकडो मैल दूर. जिल्ह्याच्या गावाला, लातूरला, २०१६ साली पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. अशा मुलखात कोणी घराच्या ओसरीवर लढाऊ जहाज बांधायला घेतले, तर शेजाऱ्यांनी काय म्हणावे? "सर, काय करलालाव?" "जहाज करतोय." "पाण्यात चालतंय का?" "नाही." या उत्तरानंतर माणसे जरा अंतर राखूनच बोलतात.

विकतची पेटी आणून आतले क्रमांक घातलेले तुकडे डकवायचे, यात मला गोडी नव्हती. कोऱ्या लाकडातून कणा, बरगड्या, फळ्या, सारे हाताने काढायचे, असा पण होता. प्रमाण चार फुटांना एक इंच. म्हणजे साडेपाच फुटी खलाशी सव्वा इंचाहून किंचित उंच. माणूस लहान करता येतो, दोरखंडाचा शिवणदोरा करता येतो. पण झाडाला कोण सांगणार, की बाबा, तूही त्याच प्रमाणात लहान हो? खऱ्या जहाजाला सागवानासारखे लाकूड नाही. पण एवढ्याशा फळीवर त्याच सागवानाच्या रेघा दोरखंडाएवढ्या जाड दिसतात. म्हणून बारीक पोताचे हेदू शोधून आणले. खिळ्यांच्या जागी बांबूच्या काड्या. सोनार ज्या भोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढतो, तीतून त्या ओढल्या की सुईसारख्या बारीक होतात. ही युक्ती पाहून आमचे सुतारमामा खूश झाले, आणि त्या दिवसापासून कारखान्याचे अर्धे भागीदार झाले.

खरा प्रश्न होता, जहाज कोणते?

शहाणपणाचे उत्तर एकच होते: 'ट्रिंकोमाली'. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेली ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. तिची घडण मुळात फ्रेंचांची. इंग्रजांनी १७८२ साली पकडलेल्या 'हेबे' या जहाजावरून उचललेली. हुकूम इंग्रजांचा, मिस्त्री पारशी आणि लाकूड मलबारचे साग. तिचे नकाशे विलायतेहून 'जावा' जहाजावरून निघाले, तर १८१२ च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने ते जहाजच संपवले. मग नकाशांची दुसरी प्रत धाडावी लागली. एवढ्या खटपटीने बांधलेले जहाज पुढे १८४७ पर्यंत कामगिरीशिवाय पडून होते! पण साग तो साग. इंग्लंडात हार्टलपूल येथे ते आजही पाण्यावर उभे आहे. नकाशे आहेत, मूळ वस्तू आहे, लांबी दीडशे फूट, म्हणजे ओसरीवर साडेसदतीस इंच. याहून सोय ती काय असावी?

पण मन घेत नव्हते. मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या मनात घोळत होती ती गुराब. शब्द अरबी, अर्थ कावळा. आपले 'सुकाणू'ही त्याच घरचे. आंग्र्यांच्या आरमाराचा सारा दरारा गुराब आणि गलबत या जोडीवर. कान्होजी १७२९ साली वारले, तोवर इंग्रज-पोर्तुगीजांना हे दोन शब्द चांगले पाठ झाले होते.

अडचण एवढीच, की त्या ताफ्यातली एकही गुराब पाहायला उरलेली नाही. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात तिचे वर्णन लिहून ठेवले आहे, ते मात्र फार कामाचे. भार दीडशे ते तीनशे टन, डोलकाठ्या दोन किंवा तीन. मध्ये रुंद आणि पुढे निमुळती होत जाणारी. नाळ चोचीसारखी लांब पुढे आलेली. समोरच्या लाटांवर ती जोराने डुबक्या मारी, म्हणून नाळेच्या तक्तपोशीला कठडाच नसे. आलेले पाणी तसेच वाहून जावे. त्यामागच्या आडभिंतीत दोन झरोके, आणि त्यांतून नाळेवरून पुढे मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा. पाठलाग करणाऱ्याचे जहाज कसे असावे, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच वाचायला मिळते. पण ऑर्म काही मिस्त्री नव्हता. बरगड्यांमधले अंतर तो देत नाही.

नाळ पुरी झाली त्या दिवशी सुतारमामांनी विचारले, "सर, ही जहाजं आता कुठं हायत?"

"जळाली. १७५६ च्या फेब्रुवारीत, विजयदुर्गला."

"कोणी जाळली?"

इंग्रजांनी, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण रंधा हातात धरून माणूस थांबला होता. मग सारेच सांगितले: समुद्रातून वॉटसनच्या तोफा, बरोबर क्लाइव्ह, आणि जमिनीवरून नानासाहेब पेशव्यांची फौज, तुळाजी आंग्र्यांवर. एक गोळा 'रिस्टोरेशन' जहाजावर पडला. ते मूळचे इंग्रजांचेच, आंग्र्यांनी पकडून आणलेले. त्याची आग साऱ्या ताफ्यात पसरली.

"म्हंजी आपलेच बी होते की त्यात."

"होते."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पिछाडीच्या बरगड्यांवर बोट फिरवून म्हणाले, "आन् हिकडचं माप?"

"नक्की माप कोणी लिहून ठेवलं नाही. अंदाजाने फळ्या लावू."

"अंदाजानं खाट करावी, सर. ह्याला नगं."

तेव्हा आमची गुराब पुढून फळ्या, तोफा, झरोके यांनी सजलेली आहे आणि मागे तिच्या बरगड्या उघड्या आहेत. इंग्लंडात जुन्या आरमारी प्रतिकृतींच्या बरगड्या मुद्दाम उघड्या ठेवीत, असे मी पाहुण्यांना ऐटीत सांगतो. ते खरेही आहे; पण इथले कारण निराळे. शिडे अजून व्हायची आहेत. कापड शिवून द्यायला सौभाग्यवती राजी आहेत. त्यांची अट एकच, की वसुबारसेच्या आत ओसरी मोकळी झाली पाहिजे, कारण भाऊबीजेला माहेरची आठ माणसे येणार आहेत.