तोरणाआधी स्टूल

दसरा आठवड्यावर आला की बाजारात दाराचं सामान उतू जातं. प्लास्टिकच्या झेंडूची तोरणं, चिकटवायच्या रांगोळ्या, शुभ-लाभच्या लटकन्या, लक्ष्मीच्या पावलांचे स्टिकर. हे सगळं दाराला शोभतं. दारात येणाऱ्याला मात्र त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही. आधी पाहुण्याची सोय बघावी आणि मग सजावटीला हात घालावा, असं माझं मत आहे. सोय नीट झाली की सजावटीचा खर्चही निम्म्यावर येतो.

जुनी घरं बांधणाऱ्यांना हे कळत होतं. कोकणातली पडवी, देशावरचा सोपा, वाड्याच्या दरवाज्यालगतच्या देवड्या, गोव्याच्या घरांचं बाल्कांव या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. घरात शिरण्याआधी टेकायला जागा असे. आलेला माणूस तिथे पाय धुई, घोटभर पाणी पिई. पत्ता विचारणारा, निरोप घेऊन आलेला, ज्याला माजघरापर्यंत न्यायचं नाही पण दारातून परतही पाठवायचं नाही, असा प्रत्येक जण तिथे सुखाने बसे. रस्ता आणि घर यांच्यामधली ही जागा फ्लॅटमध्ये उरलीच नाही. दार उघडलं की थेट सोफा, त्यावर वाळत टाकलेला टॉवेल आणि समोर टीव्ही. म्हणून तर बेल वाजली की आपण आधी दचकतो, मग पीपहोलला डोळा लावतो आणि शेवटी सेफ्टी डोअरच्या जाळीतूनच बोलून घेतो.

ही मधली जागा तीन फुटांतही थोडीफार परत मिळवता येते. पहिली खरेदी करा स्टुलाची. जेवणाच्या खुर्चीइतकं, म्हणजे सतराएक इंच उंच, न डगमगणारं. सत्तरी ओलांडलेली आत्या एका हाताने भिंत धरून, एका पायावर उभी राहून सँडलचा पट्टा सोडवत असते आणि आपण वर ‘या, या’ म्हणत असतो. तिच्या डोक्यावरचं तोरण कितीही महागाचं असो, तिला त्या घडीला स्टूलच हवं असतं.

मग दिवा. डोक्यावरच्या दिव्याने चेहऱ्यावर सावल्या पडतात, आणि पांढरीफटक ट्यूब दवाखान्याची आठवण करून देते. दाराच्या बाजूच्या भिंतीवर, चेहऱ्याच्या उंचीला पिवळसर दिवा लावा. दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ मागा. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेलं असतं.

नावाच्या पाटीवर नक्षी कमी आणि आकडा मोठा हवा. आपल्या दारी सगळ्यांत जास्त वेळा कोण येतं? पार्सलवाला. त्याला वळणदार अक्षरांतलं आडनाव वाचत बसायला वेळ नसतो, त्याला फ्लॅटचा नंबर दिसला पाहिजे. आणि नावं दोघांचीही लिहा. कर्जाचा हप्ता दोघं भरतात, पाटीवर मात्र एकाचंच नाव आणि त्याच्या वडिलांचं, हे चित्र आता तरी बदलावं.

तोरणाला माझा विरोध नाही, पण ते आंब्याच्या पानांचं आणि खऱ्या झेंडूचं असावं. चार दिवसांत ते सुकतं आणि काढावं लागतं, हाच त्याचा मोठा गुण. प्लास्टिकचं तोरण सुकत नाही, म्हणून कुणी काढत नाही; गेल्या दसऱ्याचं धुळीसकट दिवाळी, पाडवा सगळं पार करून यंदाच्या दसऱ्याला हजर असतं. रांगोळीचंही तसंच. गुळगुळीत टाइलवर ती पायांबरोबर घरभर पसरते, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय पाटाचा. जुना पाट गेरूने रंगवून वाळवा, त्यावर चार ठिपक्यांची का होईना, पण हाताने रांगोळी काढा आणि रात्री पाट उचलून आत ठेवा.

आत ठेवा म्हणतोय, कारण दाराबाहेरचा पॅसेज आपला नाही. तो सगळ्या मजल्याचा आहे, आणि जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवणं महाराष्ट्राच्या २००६ सालच्या अग्निसुरक्षा कायद्यालाही अपेक्षित आहे. तरीही चपलांची कपाटं, झाडांच्या कुंड्या, नातवाची सायकल, जुना कूलर असा अर्धा संसार आपण तिथे मांडतो. कुणी बोललं की ‘सगळेच ठेवतात’ हे उत्तर तयार. आग लागून दिवे गेले आणि धूर भरला की माणसं भिंत चाचपत जिन्याकडे जातात. तेव्हा पितळी मूठ लावलेलं आपलं ते सुंदर कपाट त्यांच्या पायात येणार. चपला तिरप्या उभ्या राहतात असं सातेक इंच खोलीचं कपाट मिळतं, ते आतल्या भिंतीला सहज लागतं.

या रविवारी झेंडू आणायला निघण्याआधी एवढं करा: पॅसेजमधलं कपाट आत घ्या आणि शेजाऱ्याचं आत घ्यायलाही हात लावा.